रहमतला पुलावरून कोणी हलवलं

ही गोष्ट मी अश्विनीलाही सांगितलेली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझे बाकीचे सगळे अवगुण माझ्या बायकोला पाठ आहेत — हा नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. कदाचित तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नव्हता म्हणून. ओळखत असतात तर माझी जीभ उचलली नसती.

सुरुवात ऐकून तुम्हाला हसू येईल, तेही आधीच सांगून ठेवतो. कारण ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळापासून होते. राक्षस, जादूगार, ढाल-तलवारी, पडके बुरूज — असला खेळ. पन्नाशीकडे झुकलेला माणूस असल्या खेळाबद्दल तोंड पाडून बोलतोय, असं म्हणाल. म्हणा. मीही बरीच वर्षं स्वतःची समजूत अशीच काढत आलो — खेळच तर होता.

आई गेल्यावर मी बाबांना खडकीहून आमच्या हडपसरच्या फ्लॅटवर आणलं. ते आले, पण राहायला आले नव्हते. पाहुण्यासारखी बॅग पलंगाखाली ठेवली आणि ती पुरती कधी उघडलीच नाही. खडकीला त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्या होत्या, ओळखीचा दूधवाला होता, आणि दोन गल्ल्या पलीकडे रहमतभाई होते. दिवाळी झाली की परत जाणार, असं त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. दर आठवड्याला स्कूटर काढून ते खडकीला जायचे, खोल्या झाडून यायचे, रहमतभाईंकडे चहा प्यायचे. हडपसर ते खडकी, त्या ट्रॅफिकमधून, त्या वयात. मला काळजी वाटायची. म्हणजे — वाटायची, हे खरं आहे. पण बाबा घरी असले की शाळेतून आलेल्या मुलीला दार उघडायला कोणीतरी असतं, हेही खरं होतं. यातलं जास्त खरं कोणतं?

रहमतभाई कोण, ते सांगायला हवं. बाबा आणि ते, दोघांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, आणि त्यातली बरीचशी एकाच टेबलावर. तिथे त्यांच्या सेक्शनची एक पद्धत होती. जो माणूस हात हलवणार, त्याने आधी तोंडाने मोठ्यांदा सांगायचं — आता मी अमुक करतोय. समोरच्याने "ऐकलं" म्हणायचं. मगच हात हलवायचा. "ऐकलं" आलं नाही, तर हात जिथे आहे तिथेच. बाबा म्हणायचे, आमच्याकडे चूक करणाऱ्याला दुसऱ्यांदा चूक करायला मिळत नाही. हे ते गमतीने म्हणत, पण हसत नसत.

आता तो खेळ. मी कॉलेजपासून असले खेळ खेळतो, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करायचो तेव्हा दुपारी जेवता-जेवता एखादी चकमक उरकायचो. एकदा बाबा मागे येऊन उभे राहिले. हा खेळ पाळीपाळीने चालतो. जमीन चौकोनांत आखलेली, आपली चार माणसं, समोर शत्रूची टोळी. आपली पाळी संपेपर्यंत शत्रू हलत नाही. तुम्ही तासभर विचार करत बसा — राक्षस कुऱ्हाड उगारून तसाच उभा. बाबांना हे फार आवडलं. "तुमच्या मीटिंगांपेक्षा हा राक्षस बरा," म्हणाले, "समोरच्याचं होईपर्यंत थांबतो तरी."

मग ते खेळायला लागले. चौघांना नावं त्यांनीच दिली. ढालवाल्याचं नाव रहमत. आणि खेळ कसा खेळायचा हे निवडताना त्यांनी मुद्दाम तो कडक प्रकार घेतला, ज्यात प्रत्येक पाळीनंतर खेळ आपोआप साठवला जातो आणि मागे फिरता येत नाही. मेलेलं माणूस मेलं. मी म्हटलं, बाबा, सोपा प्रकार घ्या. ते म्हणाले, मग विचार कशाला करायचा?

कारखान्यातली पद्धतही खेळात आली, हे सांगायला नकोच. "रहमत एक घर डावीकडे." मी म्हणायचो, "ऐकलं." मग ते माउसचं बटण दाबायचे. मी कामात असलो, कानात हेडफोन असला, तरी माझ्या "ऐकलं"साठी ते थांबून राहायचे. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग — खोटं कशाला बोलू — वैताग यायला लागला.

त्या दिवशीची लढाई पुलावरची होती. अरुंद दगडी पूल, पलीकडे पंधरा-वीस जण आणि मागे एक जादूगार. बाबांनी रहमतला पुलावरच, पलीकडच्या तोंडाशी उभं केलं होतं. एका वेळी एकच शत्रू अंगावर येऊ शकेल, मागून धनुर्धारी बाण मारणार, वैद्यीण रहमतच्या जखमा भरणार. पक्की मांडणी होती. पण मुंगीच्या पावलाने चाललेली. दुपारी बाबा अंघोळीला उठले. पाळी त्यांची होती, खेळ तसाच उघडा होता. मी जेवणाचं ताट घेऊन खुर्चीत बसलो, आणि मला दिसलं — जादूगार जवळ आलाय. रहमतला दोन घरं पुढे काढलं तर तलवार पोहोचते. तो पडला की लढाई खल्लास. वार लागायची शक्यता शंभरात सत्तर, असं पडद्यावर लिहूनच येत होतं.

मी रहमतला पुलावरून पुढे काढलं. काही न बोलता. बोलणार कोणाला?

वार चुकला. मग शत्रूची पाळी आली. पूल मोकळा झाला होता, ते दोन्ही अंगांनी घुसले, पाठीमागून वार केले, आणि रहमत पडला. घास माझ्या हातातच होता. बाथरूममधलं पाणी बंद झाल्याचा आवाज आला.

मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं — बाबा, मी हात लावला, चुकलं. ते चिडले असते. एखादा टोमणा मारला असता, जो मला आठवडाभर पुरला असता. बस. इतकंच होणार होतं. मग मी का नाही म्हटलं?

टॉवेल खांद्यावर टाकून ते आले, पडद्याकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "रहमत कुठंय?"

आणि मी म्हणालो, "तुम्हीच नाही का पुढे काढलात त्याला? अंघोळीला जायच्या आधी."

विचार करून बोललो नव्हतो. पण तुम्हाला मी एक गोष्ट अजून सांगितलेली नाही, ती इथे सांगायलाच हवी. बाबांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, शेवटी सगळं विसरले होते. स्वतःच्या बायकोला "बाई, आपण कोण?" विचारायचे. बाबांना मरणाची भीती नव्हती, आयुष्यभर दारूगोळ्याच्या शेजारी बसलेला माणूस. त्यांना भीती होती ती तात्यांसारखं होण्याची. हे मला माहीत होतं. त्यांनी फक्त मलाच सांगितलं होतं.

बाबा उभेच राहिले. ओल्या केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मग हळू आवाजात विचारलं, "मी बोललो होतो? हलवायच्या आधी?"

इथे थांबता आलं असतं. पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं म्हणता येईल. हे दुसरं निसटलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांना काय वाटतंय ते मला नीट कळलं, आणि मी म्हणालो, "हो, बोललात. मी 'ऐकलं' म्हटलं की."

ते खुर्चीत बसले. मी ताट उचलून आत गेलो.

पुढच्या आठवड्यात ते खडकीला गेले नाहीत. स्कूटरची किल्ली त्यांनी आपणहून आणून माझ्या टेबलावर ठेवली. किती महिने मी आणि अश्विनी त्या किल्लीसाठी त्यांच्या मागे लागलो होतो. अश्विनी मला म्हणाली, बघ, पटलं शेवटी त्यांना. मी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे ऐकून तुम्ही माझ्याबद्दल जे काही ठरवाल, ते बरोबरच असेल.

मग ते डॉक्टरकडे जाऊ म्हणाले. मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी तारीख-वार विचारले, चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, बाबांनी सगळं चोख सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, मग शंका कशी आली? तेव्हा बाबांनी पुलाची गोष्ट सांगितली. शाळेतल्या मुलाने चूक कबूल करावी तसं, मान खाली घालून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही होतात तिथे?

होतो, म्हटलं.

दिवाळीनंतर रहमतभाई आले. बाबा का येत नाहीत ते बघायला, दोन बस बदलून. बाबांनी त्यांनाही तेच सांगितलं. खोल्यांत आता एकट्याने राहणं बरं नव्हे, गॅस उघडा टाकला तर इमारतीला धोका. रहमतभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सदाशिव, तू बोलल्याशिवाय हात हलवशील? झोपेतसुद्धा नाही हलवणार. मी नाही मानत."

"मंदार होता ना शेजारी," बाबा म्हणाले. "तो कशाला खोटं सांगेल?"

रहमतभाई माझ्याकडे बघत राहिले. मी चहाच्या कपाकडे बघत होतो. त्यांना कळलं होतं — माझी खात्री आहे. पण मित्राच्या घरात, मित्राच्या मुलाला, तोंडावर खोटा कसं म्हणायचं? कप खाली ठेवून ते उठले. दारात चपला घालताना मला एवढंच म्हणाले, "मालूम असेल तर बोल बेटा. उशीर नको." मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडलं, आणि सबंध वाटेत ट्रॅफिकबद्दल बोललो. पुढच्या वर्षी ते गेले. बाबांना मी गाडीतून मातीला घेऊन गेलो होतो.

खडकीच्या खोल्या भाड्याने दिल्या. पलंगाखालची बॅग अश्विनीने उघडून कपडे कपाटात लावले. बाबा आमच्याकडे राहिले, आणि अखेरपर्यंत त्यांना विसरण्याचा आजार झाला नाही. माझ्या मुलीच्या मैत्रिणींचे वाढदिवससुद्धा त्यांच्या लक्षात असायचे. पण माझा शब्द डॉक्टरांच्या तपासणीपेक्षा वरचा होता. तो खेळ त्यांनी पुन्हा उघडला नाही. पद्धत मात्र घरभर सुरू झाली. "गॅस बंद करतोय." "दाराला कडी लावतोय." "गोळी घेतोय, पांढरी." आणि मग थांबायचे, माझ्या उत्तरासाठी. मी आतल्या खोलीतून मीटिंग चालू असताना माइक बंद करून ओरडायचो, ऐकलं. ऐकलेलं नसायचंच. एकदा ते म्हणाले की दूधवाल्याचा हिशेब कालच मिटवला, मी सवयीने म्हटलं, नाही बाबा, राहिलाय. संध्याकाळी दूधवालाच म्हणाला, काका देऊन गेले. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असेल बाबा, मला आता माझं काही खरं वाटत नाही.

तेव्हाही सांगता आलं असतं.

शेवटी ते हॉस्पिटलमध्ये होते. छातीत पाणी झालं होतं, पण शुद्ध लख्ख होती. सकाळची वेळ, अश्विनी डबा आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं. मनात आलं — आत्ता. बाबा, रहमतला मी हलवलं होतं. तुम्ही बोलला नव्हता, कारण तुम्ही तिथे नव्हता. तुमचं डोकं शाबूत होतं आणि आहे. वाक्यं तयार होती, कित्येक वर्षं तयार होती.

त्यांनी ग्लास उचलला. "पाणी पितोय," म्हणाले.

आणि ग्लास ओठांशी धरून माझ्याकडे बघत थांबले. तहान लागली होती, दिसत होतं ते. तरी थांबले.

मी म्हटलं, "ऐकलं."

मग ते पाणी प्यायले.