गाडी तीनदा उलटली

रिमोटवर चालणारी आणि दगडांवर चढणारी एक छोटी गाडी असते, तिला आमच्यात क्रॉलर म्हणतात. वेग म्हणाल तर काहीच नाही. एकेक चाक टेकवत, डुलत डुलत ती दगड चढते, आणि आम्ही आठ-दहा मोठी माणसं श्वास रोखून बघत उभे असतो. पन्नाशीला आलेला, बेलापूरच्या सरकारी कचेरीत फायली हलवणारा माणूस असल्या नादाला लागतो, याचं बायकोला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. नंतर तिने बोलणंच सोडून दिलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते उरणकडचे, मोरा जेट्टीच्या अलीकडच्या गावातले; त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची 'गारी' होते. उभा जन्म त्यांनी दगडखाणीवर डंपर चालवला. मागच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम करून घेणारी डॉक्टर आमच्या जवळ होती, म्हणून त्यांना जुईनगरला आणलं. लेकीच्या घरी राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसायचे, मी कामावरून आलो की उठायला बघायचे. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी मला कायम 'जावई' आणि 'तुमी'.

डॉक्टरने दाबायला रबरी चेंडू दिला होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. एका संध्याकाळी मात्र मी हॉलमध्ये गाडी फिरवत होतो तेव्हा त्यांनी रिमोट मागितला. डाव्या हाताच्या बोटाने वेग द्यायचा आणि उजव्या हाताने बाजूचं छोटं चाक फिरवायचं. सुरुवातीला गाडी सारखी कपाटावर आपटायची. दोन महिन्यांत ती सोफ्याखालून, चपलांच्या मधून अलगद जायला लागली. मग एक दिवस त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली, आणि कालवण-भात स्वतःच्या उजव्या हाताने खाल्ला. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. हातात जीव येत होता, आणि तो माझ्या गाडीमुळे येतोय याचा मला गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. आमच्या ग्रुपवर एक खूळ आहे. गाडीचं पुढचं एक चाक उंच खोक्यावर ठेवायचं आणि बाकीची तीन जमिनीला टेकलेली राहिली की फोटो टाकायचा. याला फ्लेक्स म्हणतात. खोकं जितकं उंच, तितका मालक मोठा. या कामात माझं नाव होतं. एका रविवारी सगळे गाड्या घेऊन जमणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्यात नरम स्प्रिंगा बसवल्या, धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये पातळ तेल भरलं, आणि बुटाच्या खोक्यावर दोन जाड पुस्तकं ठेवून त्यावर चाक चढवलं. गाडी पार पिळली गेली, पण तिन्ही चाकं फरशीला चिकटून. फोटो झकास आला.

मामांनी गाडी उचलून खाली ठेवली, छतावर एका बोटाने दाबून पाहिली.

"लय नरम केली, जावई," ते म्हणाले. "डंपरचा स्प्रिंगचा पाटा असा ढिला परला का आरव्या चढावर गारी कुशीवर जाते."

"मामा, डंपर वेगळा आणि हे वेगळं," मी म्हणालो. ते हसले.

रविवारी सकाळी बेलापूरच्या डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या खाणीच्या दगडांवर आम्ही जमलो. मामांना मी आग्रहाने नेलं. त्यांचा हात सगळ्यांना दाखवायचा होता, आणि त्यांच्याआडून स्वतःला. रिमोट त्यांच्या हातात दिला. पहिला दगड गाडी छान चढली. पुढे एक तिरपी कातळी होती, ती आडवी ओलांडायची. अर्ध्यात गेल्यावर उताराकडच्या स्प्रिंगा दबल्या, गाडी झुकली आणि उलटली. कोणीतरी सरळ करून दिली. पुन्हा त्याच जागी उलटली.

"अंकल, हात दुखत असेल तर राहू द्या," एक जण मायेने म्हणाला.

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा चाक फिरवलं. तिसऱ्यांदा गाडी कलंडली तेव्हा कोणी हसलं नाही, उलट सगळे फार चांगले वागले. "उजवाच हात ना गेलेला?" एकाने मला हळूच विचारलं.

मी गाडीच्या चाकांकडे बघत होतो. ती एकदाही चुकीच्या दिशेला वळली नव्हती. चूक माझ्या स्प्रिंगांची होती, आणि हे तिथे फक्त मला कळत होतं, असं मी धरून चाललो. 'सेटअप माझं गंडलंय' एवढंच म्हणायचं होतं. पण कालच्या फोटोवर सगळ्यांनी माझी वाहवा केली होती.

"हो," मी म्हणालो, "अजून थोडा वेळ लागेल त्यांना."

त्या दिवसापासून मामांनी रिमोटला हात लावला नाही. आठवड्याच्या आत, महिन्याभराचे उपचार बाकी असताना, गावी जायचं म्हणून हटून बसले. बायको म्हणाली, "ती गाडी त्यांच्यासमोर काढू नकोस, वाईट वाटतं त्यांना." मी "हं" म्हणालो. ते गावी गेले, आणि मी बेडरूमचं दार लावून स्प्रिंगा बदलल्या. पुढच्या रविवारी तीच कातळी गाडीने सहज ओलांडली. कोणीतरी पाठीवर थाप मारली, आणि मी ती घेतली. आजही आठवलं की अंगावरून पाल गेल्यासारखं होतं.

ते गेल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी मी त्यांच्या गावी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. डाव्या हातात चमचा होता, त्यांच्या सुनेने भात कालवून दिलेला. मी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं: स्प्रिंगा, तेल, फोटो, आणि माझं ते वाक्य.

त्यांनी आधी आत हाक मारून जावयांसाठी चहा टाकायला सांगितला. मग माझ्याकडे वळले.

"मना म्हाईत होता, गारी नरम हाय," ते म्हणाले. "पन चार लोकांत जावयाला कसा खाली पाराचा? म्हनून बोललू नाय. वाटला, तुमीच बोलाल." थोडा वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "तुमी पन गप रायलं. मंग तिसऱ्या टायमाला मना बी वाटला, हातच गेला असंल."