प्रणालीनं सांगितलं होतं

हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, सरांजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्याजवळ बोलता येईल. पण सुरुवात कुठून करू? गुडघ्यापासून केली तर तुम्ही लगेच माझ्याकडे बघाल, आणि मला अजून थोडा वेळ तुमच्या नजरेआड राहायचं आहे.

म्हणून सरांपासून करते.

आमचं कॉलेज रिसोड रस्त्यावर आहे, खेळाचे शिक्षक तयार करणारं. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. इंगोले सर आम्हाला खेळातल्या दुखापती शिकवायचे – मुरगळलेला घोटा कसा बांधायचा, कुणाला मैदानाबाहेर काढायचं, कुणाला नाही. हातानं शिकवणारा माणूस. मग वरून सांगणं आलं की शिक्षकांनीही संशोधन करायला शिकलं पाहिजे, आपण शिकवतो त्याचा उपयोग होतो का ते तपासलं पाहिजे. सर अमरावतीला प्रशिक्षणाला जाऊन आले आणि स्टाफरूममध्ये डोकं धरून बसले. "जिंदगीभर शिट्टी वाजवली," मला म्हणाले, "आन् आता म्हन्तेत प्रश्न विचारा. तुले कम्प्युटर येते ना बेटा? ये बरं इकडं."

तो "बेटा" मला किती मोठा वाटला होता, कसं सांगू?

सरांनी विषय चांगला काढला होता. आमच्या भागातल्या मुली दुखणं सांगत नाहीत. घरी सांगितलं तर खेळ बंद होतो, मैदानावर सांगितलं तर संघातून नाव जातं. मग दुखणं ओळखायला आणि वेळेवर सांगायला आपण शिकवलं, तर मुली सांगतील का? त्यासाठी आमच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या मुलींचे दोन गट केले. एका गटाला रोज सरावाआधी हा नवा पाठ. दुसऱ्याला काही नाही, नेहमीसारखी शिट्टी आणि फेऱ्या. आणि सरांसमोर मुली लाजतात, म्हणून संध्याकाळी प्रत्येकीला विचारायचं काम माझं – आज कुठं दुखलं का? मी दिसले की मुली चिडवायच्या, "आल्या गं डॉक्टरीणबाई, लपवा आपापले पाय."

पहिल्याच दिवशी सरांनी मला बजावलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही. ते म्हणाले, "संशोधन गेलं खड्ड्यात. कोन्या पोरीचं काही दुखलं, कोन्याही गटातली असो, तर आधी मले सांगजो. मंग बाकीचं."

मला कळलं होतं. नीट कळलं होतं.

प्रणाली दुसऱ्या गटात होती, ज्यांना काही शिकवायचं नव्हतं त्यांच्यात. शिरपूरकडच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. वडील नव्हते, आई लोकांच्या शेतात सोयाबीन सोंगायला जायची. प्रणालीला पोलीस भरतीत उतरायचं होतं. ती धावायची तेव्हा कडेला बसलेली पोरं बोलायची थांबायची, इतकी हलकी धावायची. डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवत सगळी तीच संपवायची.

सुरुवातीचे आठवडे दोन्ही गटांत काहीच फरक दिसेना. शिकवलेल्या मुली थोडंफार सांगायच्या, न शिकवलेल्याही सांगायच्या. सर उदास झाले. अमरावतीत सगळ्यांसमोर मांडायचं होतं, आणि माझं नाव त्यांच्या नावाखाली येणार होतं. माझ्या बापानं ते गावभर सांगून ठेवलं होतं. मला फरक हवा होता. इतकंच. वाईट व्हावं असं मी कधी मनात आणलं नव्हतं – की आणलं होतं? तेव्हाचं मन आता उघडून बघायला मला भीती वाटते.

एका संध्याकाळी प्रणाली नळापाशी पाय धूत होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं आधी इकडं-तिकडं पाहिलं, मग सलवार वर केली. गुडघ्याची एक बाजू फुगली होती.

"वैशू, वळतानी सटकून राह्यला गं हा. मले भेव वाटते. सरांले सांगशीन?"

बघा – तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी तिनं ओळखलं होतं, आणि तरी तिनं सांगितलं होतं. माझ्या डोक्यात काय आलं असेल? गुडघा नाही आला. आलं ते हे की न शिकवलेल्यांत आणखी एकीनं सांगितलं, आता फरक आणखी पुसला जाणार.

मी म्हणाले, सांगते.

नाही सांगितलं. सर तिथंच होते, शेडखाली दोऱ्या गुंडाळत. त्यांनी मला विचारलं, आज काही? मी म्हणाले, काही नाही सर.

तुम्ही म्हणाल, एका दिवसाची भीड असते, दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिनंच विचारलं, "काय म्हनले सर?" आणि मी – घास चावत होते मी तेव्हा – म्हणाले, "चालवून घे म्हनले. भरती जवळ आली ना, सवय होईन."

सरांच्या तोंडी मी ते वाक्य घातलं. सरांवर तिचा इतका विश्वास होता की तिनं पुन्हा शंका घेतली नाही. ओढणीच्या पट्टीनं गुडघा घट्ट बांधला आणि धावत राहिली. मी रोज विचारत राहिले. ती रोज खरं सांगत राहिली. आणि रोज सर विचारायचे, त्यांना मी सांगायचे, काही नाही. ती वळणावर येताना मी दुसरीकडे बघायला शिकले. सकाळी मैदानावर येताना वाटायचं, आज होईल. आणि तरी मी थांबले नाही.

मग एक दिवस झालं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला, आणि प्रणाली वळणावर खाली बसली. ओरडलीसुद्धा नाही. सगळ्या धावल्या. मीही धावले.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे. धावताना माझ्या मनात पहिला विचार तिचा नव्हता. पहिला विचार होता – मिळालं. न शिकवलेली मुलगी, दुखणं लपवलं, गुडघा गेला. असं उदाहरण मागूनही मिळालं नसतं. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तो विचार माझ्याबरोबर धावला, आणि मला तो चांगला वाटत होता.

दवाखान्यात सर तिच्या पलंगापाशी उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "काहून नाही सांगतलं बाई मले? एक शब्द तं बोलाचा होता."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं, हे मला दिसलं. मी तोंड उघडलं नाही. मग ती सरांना म्हणाली, "मले वाटलं, बरं होईन."

तिनं असं का केलं? मी तिला विचारलेलं नाही. रोज विचारणारी मी, तेवढं एक विचारू शकले नाही. बाहेर तिच्या आईनं माझा हात धरला. "माह्या पोरीले रोज विचारनारी तूच एकटी होती, माय," म्हणाली.

भरती गेली. गुडघा चालतो, धावत नाही. गावच्या मैदानावर ती आता भरतीच्या पोरींची धावण्याची वेळ मोजते, असं ऐकते. अमरावतीत सरांचं कौतुक झालं. माझं नाव त्यांच्या नावाखाली आलं, बापानं पेढे वाटले. आता आजूबाजूच्या तालुक्यांतले खेळाचे शिक्षक संशोधन शिकायला आमच्याकडे येतात. सर त्यांना नाव न घेता प्रणालीची गोष्ट सांगतात. एका मुलीनं सांगितलं नाही, त्याचं काय झालं बघा. शिक्षक माना खाली घालतात. मी मागे उभी असते.

गेल्या खेपेला मानोऱ्याकडच्या एका मॅडमनी विचारलं, मुलींना विश्वास वाटेल असं कसं विचारायचं? सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिले विचारा. हिले पोरी सारं सांगतात." मी पुढे झाले आणि समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं.

सोमवारी मैदानावर नव्या मुलींचा सराव सुरू होतो. पुन्हा दोन गट आहेत. संध्याकाळी विचारायचं काम सरांनी माझ्याकडेच दिलं आहे. मी हो म्हटलं आहे.