भुऱ्याच्या दातांना पुरेल असा चेंडू

सुभद्राकाकू पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी लाल रबरी चेंडू मागितला. हातात घेऊन दाबला, उजेडाकडे धरून त्याचा जोड पाहिला आणि काउंटरपाशी उभ्याउभ्याच त्याला करकचून चावा घेतला. कामरगावच्या बस स्टँडसमोर माझं जनरल स्टोअर्स आहे. साबणाच्या वडीचा वास घेणारे, बनियन ताणून पाहणारे, उदबत्ती इथेच लावून बघू का म्हणणारे, असे सगळे नमुने माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. पण डोक्यावर पदर घेतलेली साठीची बाई चेंडू चावताना मी जन्मात पाहिली नव्हती. चेंडूवर दातांच्या खुणा उमटल्या. काकूंनी त्या अंगठ्याने चोळून पाहिल्या.

"हा नाई टिकत, भाऊ," त्या म्हणाल्या. "माये तर अर्धे दात पडले, तरी एवढा रुतला. भुऱ्याचे सगळेच शाबूत हायत."

"भुऱ्या कोण? नातू का?"

"कुत्रा हाय."

मी वैतागून म्हणालो, की काकू, आता हा उष्टा चेंडू मी कोणाला विकू? त्यावर त्यांनी मुकाट्याने पदराची गाठ सोडली. "म्या चावला, म्हंजे तो माया झाला. तुमाले कायले वापस करीन?" टिकणार नाही हे स्वतःच सांगून त्यांनी तो विकत घेतला. असं गिऱ्हाईक रोज एक आलं तर दुकानदार सुखाने मरेल.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. पिशवीतून चेंडूचे तुकडे काढले आणि काउंटरवर एकाला एक जोडून मांडले. मला वाटलं, आली तक्रार. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "तकरार नाई हाय. आपण काय इकून राह्यलो, ते इकणाऱ्याले ठाऊक असावं, म्हनून आणले." मग एक फट दाखवून म्हणाल्या, "पहा, इथला तुकडा नाई. तो पोटात गेला. सकाळपासून त्याच्या मागं मागं फिरून राह्यली मी, कधी बाहेर निघते ते पाह्यले."

हा सगळा खटाटोप कुत्र्याच्या लाडापायी नव्हता, तो गोविंदकाकांच्या उजव्या हातासाठी होता. काका म्हणजे सुभद्राकाकूंचे यजमान. कारंजा रस्त्याला त्यांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, दुधी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं पिकायचं आणि आठवडी बाजारात काकूंच्या पालावर सगळ्यांत आधी संपायचं. काकांच्या हातची रोपं मरत नाहीत असा त्यांचा लौकिक होता. त्या हातालाच, उजव्या पायासकट, लकवा मारला. पाय हळूहळू ताळ्यावर आला, हात मात्र कुशीला लोंबत राहिला. कारंज्याच्या डॉक्टरांनी मऊ चेंडू दिला आणि रोज दाबत जा म्हणून सांगितलं. काकांनी चेंडू खाटेखाली टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. लहान पोरासारखं चेंडू दाबत बसायचं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

तो चेंडू भुऱ्याने उचलला. भुऱ्या म्हणजे मळ्यावर रानडुकरं हाकलणारा दणकट गावठी कुत्रा. रखवालीत वाघ, पण काहीतरी चावल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. ठिबकच्या नळ्या, खुरप्याचे दांडे, पाहुण्यांच्या चपला, त्याला काहीही चालायचं. काकांना राग आला आणि त्यांनी चेंडू हिसकायला हात घातला. कोणता हात? उजवा. काकू तेव्हा अंगणात वांगी निवडत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. "बोलली असती तं ते लाजले असते. मंग पुन्हा हात उचललाच नसता," असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून काका रोज भुऱ्याच्या तोंडातून चेंडू ओढायचे आणि फेकायचे. पण चेंडू दिवसभरही टिकत नसे. फाटला की काका पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. म्हणायचे, "संपलं. आता उद्या पाहू." तो उद्या कधीकधी आठवडाभर यायचा नाही, आणि तेवढ्यात हात पुन्हा जड व्हायचा. म्हणून काकूंना भुऱ्याच्या दातांना पुरून उरेल असं खेळणं हवं होतं.

शोधाची त्यांची एक रीत होती. वस्तू आधी पिळायची, मग दगडावर आपटायची, मग रात्रभर पाण्यात भिजत घालायची. "कुत्र्याच्या तोंडात पानी असते, कोरड्या परीक्षेचा काय उपेग?" असं त्यांचं म्हणणं. एवढ्यातून निभावली तर ती भुऱ्यापुढे टाकायची आणि आपण शेजारी पोतं अंथरून भाजीच्या जुड्या बांधत बसायचं. खेळ संपला की सगळे तुकडे सुपात गोळा करून जोडायचे. एक जरी कमी भरला तर ती वस्तू बाद. मग ती दिवसभर टिकलेली का असेना.

माझ्या दुकानातला बहुतेक माल असा बाद झाला. टेनिसच्या चेंडूची लव भुऱ्याने कोंबडी सोलावी तशी सोलली. दाबल्यावर ओरडणारं बदक एकदाच ओरडलं. सुतळीच्या गाठीचे धागे पोटात जातात म्हणून ती गेली. सोललेल्या नारळाने मात्र बरा तग धरला, पण तो काकांच्या मुठीत मावेना. मीही इरेला पेटलो आणि मोबाइलवरून कुत्र्यांसाठीचं एक खास हाडूक मागवलं. पाकिटावर छाती पुढे काढलेल्या कुत्र्याचं चित्र होतं आणि कधीच तुटणार नाही अशी हमी होती. काकूंनी चित्र निरखलं. म्हणाल्या, "हे कुत्रं मोठं दिसते बावा, पण याचं पोट आधीच भरेल दिसते. भुऱ्या कामाचा हाय." हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुपारपर्यंत ते हाडूक सुपात आलं.

गावात चेष्टा व्हायचीच. टपरीवर कोणी ना कोणी विचारायचं, काकू, कुत्र्याले आता सायकल घेता का? काकू रागावत नसत. "हासा," म्हणायच्या. "हासल्यानं ह्यायचा हात आला असता तं मी बी तुमच्यासंगं बसून हासली असती." आणि पुढच्या दुकानात शिरायच्या. मला त्यांचं हेच फार आवडायचं. त्यांना हसू टोचत नसे, कारण कामापुढे त्याच्याकडे लक्ष द्यायला त्यांना वेळच नव्हता.

एकदा मात्र त्या चुकल्या, आणि चांगल्याच चुकल्या. सुताराकडून त्यांनी बाभळीच्या गाठीचा लाकडी गोळा करून आणला. पिळणं, आपटणं, भिजवणं, सगळ्यातून तो पार झाला. भुऱ्या दोन दिवस त्याच्याशी झुंजला, पण एक कपची निघाली नाही. काकू दुकानात आल्या त्या पेढे घेऊनच. तिसऱ्या दिवशी भुऱ्याने भाकरीला तोंड लावलं नाही. त्याचा सुळा अर्ध्यातून तुटला होता आणि तोंडातून रक्त येत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी दात काढला. काकांनी तो गोळा चुलीत घातला आणि हात आखडून बसले. "मायापायी मुक्या जनावराचा दात गेला. मले नाई करायची ही कसरत," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आठवड्याने काकू दुकानात आल्या. मला म्हणाल्या, "म्या गोळ्याची परीक्षा घेतली, भाऊ. दाताची घेतलीच नाई. जे अजिबात हार मानत नाई, ते समोरच्याले मोडते." त्यांचे डोळे भरून आले होते. काका पुन्हा खाटेला खिळतील, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती.

वाट सापडली ती बाजारात. दुधी कोवळा आहे का पाहायला गिऱ्हाइकं त्यात नख खुपसतात आणि न घेता निघून जातात. भाजीवाल्याला याच्याइतका संताप दुसऱ्या कशाचा येत नाही. त्या दिवशी एका बाईने तेच केलं आणि काकू तिच्यावर उसळणार तोच थांबल्या. नखाच्या खुणेकडे पाहत राहिल्या. मग पाल शेजारणीच्या हवाली करून तडक माझ्याकडे आल्या आणि एकेक वस्तूत नख दाबू लागल्या. "नख रुतलंच नाई तं ते दात तोडीन. रुतून खूण तशीच राह्यली तं ते फाटीन. नख रुतलं पायजे अन् खूण भरून आली पायजे. असं काई हाय का तुमच्यापाशी?"

माझ्यापाशी नव्हतं. ते निघालं जीप दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये. खड्ड्यात जीप आदळली की धक्का झेलायला खाली रबराचा एक जाड ठोकळा असतो. मधोमध भोक असलेला तसा एक जुना ठोकळा काकूंनी भंगारातून शोधून काढला, नख दाबून पाहिलं आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "हा जल्मभर मार खाऊन बी हसून राह्यला." सोड्याच्या उकळत्या पाण्यात त्यांनी तो कितीदा धुतला देव जाणे. वास पूर्ण जाईपर्यंत भुऱ्याला हुंगूसुद्धा दिला नाही. मग भोकातून जुन्या लुगड्याची जाड वेणी ओवली. एक टोक काकांच्या हातात, रबर भुऱ्याच्या तोंडात, असा बेत.

काका दोन दिवस वेणीला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भुऱ्यानेच ते धूड आणून त्यांच्या मांडीवर टाकलं. दात गेलेल्या बाजूने तो आता चावत नव्हता, दुसऱ्या बाजूने धरायचा. काकांनी वेणी उचलली. काकू मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तो ठोकळा टिकला. रोज संध्याकाळी काकू तो कंदिलाची काच तपासावी तसा फिरवून पाहायच्या. वर्षाच्या आत त्याची एक कड सुटली, तेव्हा त्यांनी तो क्षणात फेकून दिला आणि दुसरा आणला. मी म्हणालो, अजून चालला असता की. त्या म्हणाल्या, "वस्तू इमानदार असली की तिचा अंत पाहू नये." तोवर काका त्या हाताने पाण्याचा तांब्या धरू लागले होते. नंतर खुरपं धरू लागले. मागच्या पावसाळ्यात वांग्याचं रोप त्यांनी स्वतः लावलं आणि काकूंनी पहिली वांगी माझ्या घरी पाठवली. बायकोला निरोप होता, "भाऊले म्हना, चाऊन पाहा."

या हिवाळ्यात काकू गेल्या. सकाळी मळ्यात सांबार तोडता तोडता बसल्या त्या उठल्याच नाहीत. आजारपण नाही, दवाखाना नाही. लेक इंझोरीहून आली, माणसं जमली. मुलगा नव्हता, म्हणून विस्तवाचं मडकं पुतण्याने धरावं असं जाणत्यांनी ठरवलं. काका उठले आणि त्यांनी मडक्याची दोरी उजव्या हातात घेतली.

स्मशान नाल्यापलीकडे आहे आणि वाट खाचखळग्यांची. मी त्यांच्या मागेच होतो. अर्ध्या वाटेत त्यांचं मनगट थरथरू लागलं, दोरी बोटांत रुतून बोटं पांढरी पडली. पुतण्या पुढे झाला. "काका, मले द्या. नाई तं हात तरी बदला."

काका चालत राहिले. "नाई," ते म्हणाले. "हा तिनं केलेला हात हाय. तिले यानंच पोचवतो."

आणि त्यांनी पोचवलं.