दार लोटलं तेव्हा

सातवीच्या वर्गात सण आणि श्रद्धांचा धडा चालू होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, पुस्तक मिटा, मुलांना घरचं बोलू द्या. मी तसं केलं. सना उभी राहिली आणि तिची आजी नमाजाआधी हात-तोंड कसं धुते ते कोरड्या हातांनीच करून दाखवू लागली. मुलांना गंमत वाटली. बघता बघता सगळा वर्ग नसलेल्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुऊ लागला.

किती सुंदर दिसत होतं ते! आणि त्याच क्षणी माझी नजर उघड्या दाराकडे गेली. व्हरांड्यातून कुणी मोबाइलवर टिपलं तर? ‘शाळेत नमाज शिकवतात’ म्हणत संध्याकाळी फाटकाशी माणसं जमली तर? मी दार लोटून कडी घातली. भीतीला समोर कुणी असावंच लागत नाही. ती आपल्याच हातांनी कामं करून घेते.

“बाई, दार का लावलं?” सनानं विचारलं.

“वारा येतोय गं.”

बाहेर पानही हलत नव्हतं.

“आजीपण हल्ली दार लावूनच नमाज पढते,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मी कडी काढून दार उघडलं. व्हरांड्यात कुणाची तरी पावलं वाजत होती.

“ऊठ सना, पुढे सांग,” मी दाराकडे न बघता म्हणाले.