चौथ्या दिवसाची हळद

मंगळवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मुरबाडच्या रुग्णालयात मला मुलगी झाली. वजन दोन किलो सातशे ग्रॅम. सदतीस आठवडे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, कावीळ वाढल्यामुळे तिला शहापूरच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. मधल्या दिवसांत काय झालं ते तेव्हाच्या वहीवरून आणि आठवणीतून लिहिते आहे. दोन्ही जुळत नाहीत तिथे वही धरली आहे.

वही ही नोकरीची सवय. ठाण्यात एका वर्तमानपत्राकडे येणाऱ्या बातम्या तपासून पुढे सोडण्याचं काम मी करते. रजेवर असतानाही वेळ लिहून ठेवणं सुटलं नव्हतं.

ठरलं होतं वेगळं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे किन्हवलीजवळच्या गावी व्हायचं होतं आणि नाव शहापूरला घातलं होतं. पुढच्या रविवारी भाऊ न्यायला येणार होता. सोमवारी दुपारी सासरी तांदूळ निवडत असताना पाणी गेलं. सासर मुरबाडपासून सहा किलोमीटरवर. नवऱ्याने मोटार काढली आणि चार वाजता मी तिथल्या रुग्णालयात होते. कळा चौदा तास चालल्या. शेवटचा तासभर परिचारिका एकच वाक्य म्हणत होती, "तोंडाने ओरडू नकोस, जोर खाली लाव." टाके पाच पडले.

सात वाजून पाच मिनिटांनी मुलीने पहिल्यांदा तोंड लावलं. चीक आला. चार-पाच घोट घेऊन ती झोपली. पुढचे दोन दिवस असंच चाललं. ती स्तनाला लागायची, थोडं ओढायची आणि झोपायची. मी वहीत लिहायचे, "नऊ ते नऊ चाळीस, उजवीकडे." त्या चाळीस मिनिटांत ती प्याली किती आणि नुसती तोंडात धरून झोपली किती, हे मी लिहिलेलं नाही. मला तो फरक कळत नव्हता.

गुरुवारी घरी सोडलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडीही सांगितलं की दर दोन तासांनी उठवून पाजा, बाळ पिवळं दिसलं किंवा दूध ओढेनासं झालं तर लगेच आणा. कागद मी वहीत ठेवला.

दुपारी आम्ही थेट माहेरी गेलो. नवरा आम्हाला पोचवून परतला. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. खोलीची एकुलती खिडकी वारा लागू नये म्हणून गोधडी ठोकून बंद केली होती. एक छोटा पिवळसर दिवा, बाजेखाली शेगडी. पाचवी होईपर्यंत बाळाने उंबरा ओलांडायचा नाही, हा घरचा नियम.

शुक्रवारी सकाळी न्हाऊ घालायला मावशी आल्या. नात्यातल्या नव्हेत. गावातल्या बहुतेक बाळंतिणींना आणि बाळांना त्यांनीच न्हाऊ घातलं आहे, मलाही घातलं होतं. आईने डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून दिली. मावशींनी बाळाला पायांवर घेतलं आणि पाठ, पोट, हात, मांड्या चोळल्या. लव निघावी म्हणून कपाळावर हात जरा जास्त फिरवला. मुलगी एकदाच रडली आणि गप्प झाली.

"शांत हाय गो," आई म्हणाली. "तू तर आळी डोक्यावर घेत होतीस."

"हिची आई पेपरवाली," मावशी म्हणाल्या. "तिच्या वाटचं सगळं बोलून झालंय."

त्या दिवशी मुलगी दोनदा सलग चार तास झोपली. उठवायचा प्रयत्न केला. तळव्यांना टिचक्या मारल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. ती डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मिटायची. माझं दूध दाटलं होतं. छाती दगडासारखी झाली होती आणि अंगात कसर होती. लंगोट मावशीच गोळा करून धुवायला नेत होत्या. ओले किती, कोरडे किती, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी सहा वाजता दिव्याखाली तिचं तोंड पिवळं वाटलं. मी आईला हाक मारली. मावशीही आल्या.

"हळद हाय ती," मावशी म्हणाल्या. "लव काढायला जास्त घेतली आज. दोन अंघोळीत जाईल."

"माझी बोटं बघ," आई म्हणाली. सकाळी हळद तिनेच कालवली होती आणि बोटं खरंच पिवळी होती.

शुक्रवारच्या पानावर सहा वाजताच्या नोंदीपुढे एकच शब्द आहे, "हळद". डॉक्टरांचा कागद त्याच वहीत होता. मी तो उघडला नाही आणि दुसऱ्या कोणाला विचारलंही नाही.

शनिवारी पाचवी. आई सकाळपासून पूजेच्या तयारीला लागली होती आणि नारळ आणायला दुकानात गेली होती. तिथे ती दुकानदाराशी बोलली. अकराच्या सुमाराला आशाताई दारात आल्या. आशाताई हे नाव नव्हे, काम. गावातल्या गरोदर बायका आणि तान्ही बाळं घरी जाऊन तपासणाऱ्या बाईंना गावात सगळे असंच म्हणतात. प्रसूती मुरबाड तालुक्यात झाल्यामुळे त्यांच्या यादीत आम्ही नव्हतो.

"काकी, बाळ मुरबाडला झालं, बाळंतीण इथं हाय, आणि मला सांगतंय कोण? किराणावाला," त्या चपला काढत म्हणाल्या. "उद्या वजन पण त्यालाच करायला सांगा, काटा हाय त्याच्याकडं."

त्यांनी पिशवीतून झोळीचा काटा काढला, मुलीला झोळीत ठेवून उचललं आणि आकडा दोनदा वाचला. दोन किलो तीनशे पन्नास. माझ्याकडून जन्माचं वजन विचारून घेतलं.

"साडेतीनशे उतरलंय. पाच दिवसांत थोडं उतरतं, पण एवढं नाय. लंगोट किती ओले होतात?"

मी लंगोट न्यायला आलेल्या मावशींकडे बघितलं.

"काल तीन," मावशी म्हणाल्या. "आज सकाळधरनं एक. तो पण जरासा."

आशाताईंनी दिव्याकडे पाहिलं, गोधडी ठोकलेल्या खिडकीकडे पाहिलं आणि बाळ हातात घेऊन उठल्या. आई दारात आडवी आली.

"ताई, पाचवी झाल्याबिगर बाळ बाहेर काढत नाय आमी."

"बाहेर कुठं काढतेय? उंबऱ्याच्या आत उभी राहते. उजेड तर आत येतो ना?"

आई बाजूला झाली. पुढच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत, आशाताईंनी दुपटं उघडलं. मुलीच्या छातीवर बोट दाबलं आणि उचललं. दाबलेली जागा क्षणभर पांढुरकी व्हायला हवी होती. ती पिवळी होती. मग पोटावर दाबलं, मग मांडीवर. मग पाय वर करून तळवे उजेडात धरले.

"हळद हाय ती," आई म्हणाली.

"तळव्यांना पण लावली होती?"

प्रश्न मावशींना होता. त्या पुढे आल्या.

"तळव्यांना कशाला लावू? तिथं नुसतं तेल."

त्यांनी मुलीचा पाय हातात घेऊन अंगठ्याने घासला आणि अंगठा उजेडात धरला. अंगठ्याला काही लागलं नव्हतं. मग त्यांनीच मुलीची एक पापणी हलकेच वर केली. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होता.

"डोळ्यात तर मी हळद घातली नाय," मावशी म्हणाल्या. मग दुपटं गुंडाळत, "न्या गो हिला. आत्ता न्या."

"आज पाचवी हाय," आई म्हणाली. "पाटा मांडलाय. बाळ नाय तर पूजा कोणापुढं?"

"पूजा तुमी इथं करा," आशाताई म्हणाल्या. "बाळ-बाळंतीण शहापूरला बसल्यात असं समजा. मी वेळेवर फोन लावून देते, हात तिथनं जोडतील."

आई वळली. आत जाऊन तिने माझी पिशवी भरली. पाचवीला बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात, म्हणून पिशवीत अडकित्ताही घातला.

रुग्णवाहिका शेणव्याला गेली होती आणि तासभर लागणार होता. शेजाऱ्यांनी आपली व्हॅन काढली. निघण्याआधी आशाताईंनी मला हाताने दूध काढायला लावलं आणि चमच्याने मुलीला पाजून दाखवलं. वाटीत तळाला होतं तेवढं तिने सावकाश संपवलं. वेळ बारा दहा. जन्मापासून ती नेमकं किती प्याली हे मला ठाऊक असलेलं हे पहिलं दूध.

एक वाजता शहापूरला पोचलो. रक्त तपासायला घेतलं. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, पिवळेपणा पहिल्यांदा कधी दिसला? मी म्हणाले, काल संध्याकाळी सहाला.

"मग आणलं का नाही?"

"आम्ही हळद समजलो."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. अहवालात काविळीचा, म्हणजे बिलिरुबिनचा, आकडा एकोणीस आला. त्यांनी समजावलं की हा आकडा आणखी वर गेला तर मेंदूला इजा होऊ शकते. आत्ता प्रकाशाखाली ठेवू आणि दर दोन तासांनी दूध देऊ. सकाळपर्यंत आकडा खाली आला नाही तर ठाण्याला पाठवावं लागेल, तिथे कदाचित रक्त बदलावं लागेल. नवरा मुरबाडहून अडीच वाजता आला. त्याला हे सगळं पुन्हा सांगण्याचं काम मी केलं.

मुलीला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. मी बाजूला बसून दूध काढत होते आणि परिचारिका ते पळीने पाजत होती. किती मिलिलीटर पाजलं, ते ती पाटीवर लिहायची. उशाशी ठेवायला म्हणून मी अडकित्ता काढला तेव्हा तिने हात पुढे केला.

"पाचवी का? दिव्याखाली लोखंड नको. इकडे द्या, कपाटात ठेवते. माझ्या पोरीच्या उशाला विळी होती."

सात वाजता आशाताईंचा फोन आला. पडद्यावर पाटा, वरवंटा आणि आईचे हात दिसत होते. आई म्हणाली, "बाळाला दाखव." मी फोन दिव्याकडे धरला. आईने काही वेळ पाहिलं आणि विचारलं, "दूध पितेय का?"

"पळीने तीस."

"तीस काय?"

"मिलिलीटर. साधारण पाच-सहा चमचे."

"बरं," आई म्हणाली आणि पूजेकडे वळली.

रविवारी सकाळी साडेसातला पुन्हा रक्त घेतलं. साडेनऊला अहवाल आला, साडेसोळा. ठाण्याला न्यायची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दुपारी तीन वाजता मुलगी कोणीही न उठवता जागी झाली आणि रडली. परिचारिकेने तिला दहा मिनिटांसाठी दिव्याखालून काढून माझ्याकडे दिलं. ती ओढत असताना घशात घोट उतरल्याचा आवाज येत होता. तो कसा ओळखायचा हे परिचारिकेने मला कान जवळ न्यायला लावून दाखवलं. वहीत त्या दिवसापासून मिनिटांऐवजी घोट आहेत.

सोमवारी तेरा. दुपारी दिवा बंद केला. दिवा काढल्यावर आकडा पुन्हा चढतो का हे पाहायला एक दिवस थांबवलं.

मंगळवारी सकाळी दहाला शेवटचा अहवाल आला. अकरा पूर्णांक दोन. मागच्या चोवीस तासांत ओले लंगोट सात. वजन दोन किलो चारशे ऐंशी ग्रॅम. साडेबारा वाजता आम्हाला घरी सोडण्यात आलं.