बेचाळीस जणांची पितळी बटणं

बटणताईंचं दुकान जेमतेम आठ फूट रुंद, पण छतापर्यंत लाकडी खणांनी भरलेलं. आत जे बटण असेल त्यातलं एक खणाच्या तोंडावर चिकटवलेलं. बटणांशिवाय तिथे काही मिळत नसे. कुणी हुक मागितला, तर ताई शिडीवरूनच समोरच्या दुकानाकडे बोट दाखवत. नवरा गेल्यापासून तेवीस वर्षं त्यांनी हे दुकान एकटीने चालवलं होतं. त्यांचा एक नियम होता. उरलेलं बटण परत आणा, पैसे परत घेऊन जा. "तुमच्या डब्यात हरवण्यापेक्षा माझ्या खणात बरं," असं त्या म्हणत.

हाच नियम त्यांच्या अंगाशी आला.

गावातल्या बँडपथकाने नवे कोट शिवायला टाकले. बटणं ज्याची त्याने आणायची, असं पथकप्रमुखाने फर्मान काढलं. बेचाळीस वादक दुकानात आले, प्रत्येकाने सहा पितळी बटणं घेतली आणि आपापलं कार्ड मशीनवर टेकवलं. दुसऱ्या दिवशी कोट आले, ते बटणं लावूनच. फर्मान शिंप्यापर्यंत पोचलंच नव्हतं. बेचाळीसच्या बेचाळीस जण पुन्हा रांगेत उभे राहिले. ताईंनी एकेकाचे पैसे कार्डावर परत केले, वर उन्हातून आलेल्यांना पाणी पाजलं.

आठवड्याभरात मशीन बंद पडलं. बँकेने खातं गोठवलं होतं. ताई दुसऱ्या बँकेत गेल्या. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि खुर्ची जराशी मागे सरकवली.

"तुमचं नाव यादीत आहे."

"कसल्या यादीत?"

"कार्डाच्या व्यवहारात लबाडी करणाऱ्या दुकानदारांची यादी असते. एकदा नाव गेलं की पाच वर्षं कुणीच मशीन देत नाही. ज्या बँकेने नाव घातलं, तिलाच ते काढता येतं."

ताईंचा दीर भूमापन खात्यातून निवृत्त झालेला. त्याचा सगळा जन्म अर्जांत गेला होता. हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज आलं. "वहिनी, तुम्ही काही बोलू नका. मी लिहितो." त्याने खातं गोठवणाऱ्या बँकेला चौदा पत्रं लिहिली. प्रत्येकाला एकच उत्तर आलं. अशी यादी असल्याची पुष्टी देता येत नाही, आणि यादीतून नाव काढण्यासाठी समक्ष यावं.

दोघं त्या बँकेत समक्ष गेली. जोखीम विभागाचा अधिकारी सज्जन माणूस होता. त्याने चहा मागवला.

"दोन दिवसांत बेचाळीस विक्र्या आणि बेचाळीस परतावे," तो म्हणाला. "चोरीची कार्डं वापरणारे असंच करतात."

"मी चोरी केली, असं म्हणताय?"

"छे, छे. तुम्ही प्रामाणिक आहात, हे माझ्या शेऱ्यातही आहे."

"मग माझं नाव घालणं ही चूक झाली."

"चूक नाही झाली. नियमाप्रमाणेच घातलंय. आणि नाव काढायचं तर चूक सापडायला हवी."

दिराने विचारलं, "चूक नसेल तर?"

"मग पाच वर्षं," अधिकारी हळहळून म्हणाला. "किंवा त्या बेचाळीस माणसांना आणा. ती खरी आहेत की नाहीत ते तरी बघू. कदाचित काही निघेल."

त्या महिन्यात ताईंना अन्न गोड लागलं नाही. समोरच्या दुकानदाराने सहज जरी पाहिलं, तरी त्यांना वाटे, याला कळलंय. बहिणीचा फोन आला की त्या हवापाण्यावर बोलून ठेवून देत. दीर मात्र रोज संध्याकाळी बँडच्या तालमीला जाऊन वादकांची मनधरणी करत होता.

अखेर एका सोमवारी ताई आणि दीर यांच्यासोबत बेचाळीस जण बँकेत आले. तालमीतून थेट आल्यामुळे वाद्यांसकट. मोठा ढोल फिरत्या दारात अडकला आणि त्याच्यामागे तेरा तुतारीवाले फुटपाथवर ताटकळले. रखवालदाराने ढोल आडवा करायला सांगितलं, तेव्हा तो आतून घुमला आणि रोखपालाने घाबरून खिडकी बंद केली.

अधिकाऱ्याने बेचाळीस फॉर्म काढले. प्रत्येकाला तेच प्रश्न. बटणं घेतली का? परत का केली? परत करण्याच्या कारणांसाठी फॉर्मवर तीनच चौकटी होत्या: वस्तू मोडकी, वस्तू मिळाली नाही, रंग चुकीचा. कोटाला आधीच बटणं होती, यासाठी चौकट नव्हती. शेवटी सगळ्यांच्या संमतीने "रंग चुकीचा" ठरलं. तुतारीवाल्यांनी मात्र "पितळेला चुकीचा रंग कसला?" म्हणून वाद घातला, त्यात अर्धा तास गेला.

अडतिसावा नंबर ढोलवाल्याचा. धिप्पाड माणूस, पण मान खाली. "साहेब, एक सांगायचं होतं. मी पाचच परत केली. एक हरवलं होतं. ताईंनी मोजली नाहीत, पैसे सहाचे दिले. तेव्हापासून मनाला खातंय."

अधिकाऱ्याच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे परताव्यात चूक आहे?"

"एका बटणाची."

"चूक ती चूक," अधिकारी म्हणाला आणि उभाच राहिला. "मॅडम, सुटलात तुम्ही."

ताईंचा चेहरा मात्र पडला. तेवीस वर्षांत आपण एकही बटण चुकलो नाही, अशी त्यांची समजूत होती. दिराने कोपराने खुणावलं, "वहिनी, सही करा." मोजणीत निष्काळजीपणा झाल्याचं कबूल करून ताईंनी सही केली. ढोलवाला एका बटणाचे पैसे पुढे करत होता, तर ते कोणत्या खात्यात घ्यायचे यावर आणखी दोन अधिकारी बोलवावे लागले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. "ज्या यादीच्या अस्तित्वाबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही, तिच्यात आपलं नाव आता नाही." दिराने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि भाषा चांगली आहे, असा अभिप्राय दिला.

त्या रविवारी ताईंनी स्वतःहून बहिणीला फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बहीण म्हणाली, "एवढे दिवस मनात ठेवलंस होय गं? मला वाटलं, माझ्यावर रागावलीस."