पुण्याचे विद्वान आणि भरिताचं वांगं

सरांचं वैचारिक चरित्र मीच लिहावं, असं धुळ्यातल्या आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत एकमताने ठरलं. माझ्याइतका रिकामा दुसरा कोणी नव्हता, हे खरं कारण.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. पहिल्यात म्हटलं, माणूस जे करतो ते सगळं आधीच ठरलेलं असतं. दुसऱ्यात म्हटलं, तसं नाही, माझं चुकलं. आपली चूक स्वखर्चाने छापणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. या दोन पुस्तकांच्या मधे काय घडलं, हे चरित्रात सांगायलाच हवं होतं, आणि नेमकं तेच सांगायची माझी टाप नव्हती. कारण मधे मी घडलो होतो.

मी शिरपूरकडच्या खेड्यातून आलेला. वर्गात तोंड उघडलं की अहिराणी बाहेर पडायची आणि पोरं हसायची, म्हणून उघडतच नसे. पण सरांचं पहिलं पुस्तक वाचलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. मग मी एक उद्योग केला. पुण्याचा निवृत्त विद्वान झालो. जाड चष्म्याला शोभेल असं नाव घेतलं, ‘आपल्या प्रतिपादनातील विसंगती’ वगैरे शब्द पेरले आणि पुण्यात शिकणाऱ्या आतेभावाकडून पत्रं टपालात टाकवली. सरांची उत्तरं त्याच्याच खोलीवर यायची. सर विद्वानांना ‘आदरणीय’ लिहायचे, आणि इकडे आदरणीय त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर खाली मान घालून हसू दाबायचे.

सातव्या पत्रात मी भरिताचं वांगं आणलं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगं करपलं, तर वांग्याला काही वाटत नाही, भाजणाऱ्याला चुटपुट लागते. सगळं ठरलेलंच असेल, तर ही चुटपुट कशाला? त्या पत्राला उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी दुसरं पुस्तक आलं. प्रस्तावनेत ‘पुण्यातील एका विद्वान मित्राचे’ आभार होते.

आता खरं लिहावं, तर सरांना त्यांच्याच विद्यार्थ्याने बनवलं हे छापून येणार, तेही त्यांच्या हयातीत. न लिहावं, तर चरित्रच खोटं. शिवाय खरं सांगायचं तर, सरांचं मत मी बदललं हे चारचौघांना कळावं अशी मला जबर हौस होती. तिचीही लाज वाटायची. शेवटी भित्र्या माणसाने करावं तेच केलं. पुण्याच्या विद्वानांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं, त्यांची तोंडभरून स्तुती केली आणि एरंडोलजवळच्या गावी सरांना वाचून दाखवायला गेलो.

सर ओट्यावर खाटेवर बसले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान शाबूत. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, उंबऱ्याशी शेंगा फोडत होत्या. मी वाचलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

“एक शंका आहे,” सर म्हणाले. “पुण्याचे विद्वान वांगी पऱ्हाट्यांवर भाजतात?”

मी पानं मांडीवर ठेवली. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“कधी कळलं, सर?”

“पहिल्याच पत्राला. तुझं अक्षर मी परीक्षेत तपासत नव्हतो का?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू लिहायचं थांबला असतास. वर्गात तर तुझा आवाज मला ठाऊकच नव्हता.”

“अन् ते प्रस्तावनेतले आभार?”

“तू माझी गंमत केलीस, मी तुझी केली.”

अक्का उठून आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं पुडकं घेऊन आल्या. “भाऊ, हाई देखा. तुम्हना बठ्ठा कागद त्यास्नी जपी ठेयेल शेतस.”

माझीच पत्रं होती, सरांनी सगळी जपून ठेवलेली. प्रत्येकावर लाल शाईने गुण दिलेले. पहिल्याला दहापैकी तीन, शेजारी शेरा: ‘भाषा जड, मुद्दा हलका.’ चौथ्याला पाच. सहाव्याला साडेसहा. सातवं पत्र उघडताना मला परीक्षेच्या निकालासारखी धडकी भरली. त्यावर गुण नव्हते. खाली लाल शाईत एवढंच होतं: ‘याला माझ्याकडे उत्तर नाही.’

मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाने मास्तरांसमोर कसं रडावं, ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून लहान मुलासारखंच रडलो. सरांनी ते होऊ दिलं. मग खिशातलं लाल पेन काढलं, माझ्या मांडीवरचं प्रकरण ओढून घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात मोठा दोन काढला.

“पुन्हा लिहून आण,” ते म्हणाले. “आणि या वेळी स्वतःचं नाव घाल.”